दिसावरातली गोठ

१२ नोव्हेंबर १९३३, नवापूर

आजपासून ही वही. नंदुरबारला मामांकडे राहून मी मराठी सातवी झालो, तेव्हा हेडमास्तर म्हणाले होते, ‘पारसमल, तुझी भाषा बरी आहे, दुकानात बसून ती गंजू देऊ नकोस.’ मी चांगली गंजू दिली. आता पुन्हा घासायला घेतो आहे.

घरात ही वही कुणी वाचणार नाही. बापूजींना फक्त महाजनी अक्षरं येतात, माँजींना तीही नाहीत. लहरीला, म्हणजे माझ्या बायकोला, वाचता येतं, पण ती दुसऱ्याच्या वस्तूला हात लावणारी नाही.

विषय ठरला आहे. आमच्या कुटुंबाचे प्रवास. आमच्या घरात मारवाडला ‘देस’ म्हणतात आणि नवापूरला ‘दिसावर’. मी इथेच जन्मलो, रंगावलीचं पाणी पिऊन वाढलो, मारवाड दोनदाच पाहिला, तरी घरच्या बोलण्यात मी परमुलखात राहणारा माणूस आहे. असंच असेल तर परमुलखातल्या माणसाने प्रवासवर्णन का लिहू नये? सुरतेच्या प्रवासात तापीचा पूल जाईपर्यंत माँजी डोळे मिटून नवकार म्हणत बसल्या होत्या आणि पूल संपल्यावरही उघडायला तयार नव्हत्या. सारंगखेड्याच्या जत्रेत एका घोड्याने बापूजींच्या पगडीचं टोक चावून खाल्लं. हे सगळं एकदा नीट लिहायचं आहे.

सुरुवात मात्र फूफाजींपासून करीन. ते प्रथमच दिसावर बघायला येत आहेत.

१६ नोव्हेंबर

फूफाजी आले. नाव नथमलजी. बापूजींच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे या घराचे जावई. जावयापुढे आमच्यात कर्ता माणूससुद्धा गादीच्या कडेवर बसतो, तसे बापूजी बसले होते. नवापूरच्या बाजारात ‘जवरीलाल शेठ’ म्हटलं की माणसं बाजूला होतात. घरात आज ते स्वतः पाण्याचा लोटा घेऊन उभे होते.

फूफाजी व्रताचे कडक. सूर्य मावळला की पाण्याचा थेंबही घेत नाहीत. बोलण्यातही कडकच. म्हणाले, ‘वाटेत सुरतेला आपल्याच एका माणसाकडे उतरलो होतो. त्याचा मुलगा बापासमोर स्वतःचं टाबर मांडीवर घेऊन बसला होता. त्याच्याशी बोबडं बोलत होता. दिसावरचं पाणी लागलं की लाज अशी पातळ होते.’

हे वाचणाऱ्याला समजायचं नाही, म्हणून लिहितो. आमच्याकडे तरुण माणूस वडीलधाऱ्यांसमोर आपल्या पोराला उचलत नाही, नावाने हाक मारत नाही, ते रडलं तरी वळून पाहत नाही. पोरं आजोबांची, आजीची. बापाने ‘हे माझं’ असं दाखवणं म्हणजे निर्लज्जपणा. बायका घुंघट घेतात, तसा हा आम्हा पुरुषांचा घुंघट आहे.

बापूजी लगेच म्हणाले, ‘माझ्या पारसने आजवर पोरीला माझ्यासमोर बोट लावलेलं नाही.’

मी मान खाली घातली, पण खरं लिहायचं तर माझी छाती फुगली होती. माझी मुलगी सोहन तेव्हा बापूजींच्याच मांडीवर बसून त्यांच्या मिशा ओढत होती. तिला तिसरं वर्ष लागलं आहे. दिसायला लहरीवर गेली आहे म्हणतात.

मग फूफाजी म्हणाले, ‘इथे गोठ करता की तीही विसरलात?’ गोठ म्हणजे रानात, पाण्याकाठी गोवऱ्यांवर बाटी भाजून सगळ्यांनी मिळून जेवायचं. देसात तिचं फार कौतुक. बापूजींना ते बोलणं झोंबलं. चिंचपाड्याच्या अलीकडे नदीकाठी मोहाची झाडं आहेत, तिथे गोठ करायची ठरली आहे. दोन दमण्या, म्हणजे छपराच्या हलक्या बैलगाड्या, जातील. एकीत बापूजी, फूफाजी आणि मी, आमचा गाडीवान दिवाल्या हाकणार. दुसरीत माँजी, लहरी, सोहन आणि भांडी घासायला दगूबाई. ही दुसरी दमणी भटूची, भाड्याने घेतलेली.

वहीला चांगला मजकूर मिळणार.

२१ नोव्हेंबर

काल गोठ झाली. परतताना घाईत सोहन मागे राहिली. कुणाच्याच लक्षात आलं नाही. पुरुषांना वाटलं बायकांच्या दमणीत आहे, बायकांना वाटलं पुरुषांच्या. आज सकाळी सापडली. देवाची कृपा. थकलो आहे.

२२ नोव्हेंबर

कालचं लिहिलेलं वाचलं. जी वही कुणी वाचणार नाही तिच्यातही मी खोटं लिहिलं. माझ्या लक्षात होतं.

घडलं ते असं. गोवऱ्या ओलसर निघाल्या, बाट्या भाजायला उशीर झाला. जेवणं झाल्यावर फूफाजी सारखे झाडांच्या शेंड्यांवरून सूर्य बघू लागले. घरी पोचून त्यांना दिवस असताना दूध-पाणी मिळायला हवं होतं. बापूजींची धांदल उडाली. ‘उचला, उचला, जुंपा’ असं चाललं होतं.

सोहन चुरमा खाऊन बांबूच्या बेटामागे सावलीत झोपली होती, लहरीच्या जुन्या लुगड्यावर. एक हात डोक्याखाली, तोंडाला तूप लागलेलं. मी तिच्याजवळ उभा होतो. खाली वाकायचं होतं, एवढंच.

बापूजी आणि फूफाजी थोड्या अंतरावर होते. बापूजींनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मग फूफाजींचा दंड धरून म्हणाले, ‘चला, जुंपेपर्यंत जरा नदीचं पाणी बघू,’ आणि पाठ फिरवून निघाले. मला वाटलं, ते रागावले. पोर अशी उघड्यावर लोळलेली फूफाजींना दिसू नये, म्हणून त्यांना दूर नेत असावेत. आणि फूफाजी मध्येच मागे वळले असते तर? बापूजींनी त्यांच्यापुढे मारलेली बढाई माझ्या एका वाकण्याने मातीत गेली असती.

पलीकडे लहरी घुंघट घेऊन उभी होती, तोंड याच बाजूला. ती येईल, तिला घेईल, असं मी धरलं. आणि मी चालत जाऊन दमणीत बसलो.

वाटेत एकदा मनात आलं, उतरावं आणि मागच्या दमणीत डोकावून यावं. पण बायकांच्या दमणीत तरुण माणूस कशाला डोकावतो? बायकोसाठी नाही तर पोरीसाठी. दोन्ही लाजेचंच. मी फूफाजींना साग कसा ओळखायचा ते सांगत बसलो.

नवापुरात पोचलो तेव्हा ऊन अजून कौलांवर होतं. फूफाजींना दूध मिळालं. मग बायकांची दमणी आली. माँजी उतरल्या, बापूजींकडे गेल्या आणि हात पुढे करून म्हणाल्या, ‘द्या तिला.’

बापूजी म्हणाले, ‘कुणाला?’

आजोबा नातीला नेहमी आपल्या दमणीत घेतात, म्हणून माँजी निश्चिंत होत्या. बापूजींनी माझ्याकडे पाहिलं. मी बैलाच्या शिंगाकडे बघत होतो. माँजी लहरीवर तुटून पडल्या, ‘आई आहेस की कोण आहेस?’ लहरी दमणीचा दांडा धरून उभी होती. घुंघटाच्या आत ती कुणाकडे पाहत होती, मला कळायला मार्ग नव्हता.

पोर नेमकी कुठे राहिली हे मला ठाऊक होतं. मी एवढंच म्हणालो, ‘मी दिवाल्याबरोबर जाऊन बघून येतो.’ सगळ्यांना तो माझा चांगुलपणा वाटला.

बैल बदलून निघालो. पोचेपर्यंत अंधार झाला. मी दिवाल्याला थेट बांबूच्या बेटाशी नेलं. लुगडं तिथेच होतं, पोर नव्हती. त्या रानात बिबट्या आहे हे सगळे जाणतात. दिवाल्याने कंदील खाली धरून जमीन बघितली आणि म्हणाला, ‘सेठ, रगत नही शे.’ मग तो हाका मारू लागला. मी मारल्या नाहीत. मी तिला आजवर कधी हाक मारली नव्हती. माझा आवाज तिला ओळखू आला नसता, असं मनाला सांगत मी रात्रभर त्याच्यामागे फिरत राहिलो.

हात दुखतो आहे. बाकीचं उद्या.

२३ नोव्हेंबर

सकाळी नदीवर पाणी भरायला आलेल्या एका बाईने दिवाल्याला सांगितलं, की मारवाड्याची पोर काल सांजेला बांबूपाशी रडताना सापडली, ती वाहरूच्या घरी आहे. टेकडीच्या अंगाला चार-दोन कुडाची घरं, त्यातलं एक वाहरूचं. खळ्यात भाताच्या पेंढ्या रचलेल्या होत्या. त्याचा म्हातारा बाप, खात्या त्याचं नाव, बाजेवर विडी ओढत बसला होता. त्याच्या अगदी समोर वाहरूने माझ्या पोरीला खांद्यावर घेतलं होतं आणि स्वतःच्या पोराला कडेवर. सोहन नागलीची भाकर खात होती.

वाहरूने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. ‘हाई तुन्ही आंडेर शे का?’

मी म्हणालो, हो, माझीच मुलगी.

‘मंग बलाव ना तिले.’

मी म्हणालो, ‘सोहन.’ तिने वाहरूचं डोकं आणखी घट्ट धरलं.

वाहरूने मान वर करून तिला विचारलं, ‘बाई, हाऊ कोन शे?’

‘पारस,’ ती म्हणाली. बापूजी मला तशीच हाक मारतात.

वाहरूची बायको दिवलीबाई हसली. ‘बापनं नाव लेस व्हयी?’ वाहरू हसला नाही. बाजेवरून खात्या म्हणाला, ‘तिना बाप कोन शे, ते इचार.’ सोहनने न अडखळता सांगितलं की बापूजी घरी आहेत, त्यांना मोठी पगडी आहे आणि ते तिला खारीक देतात.

‘हाऊ तं तिना बाप नही,’ वाहरू दिवाल्याला म्हणाला. ‘मी पोर कशी देऊ याले?’

मी शपथ घ्यायला तयार होतो. पण काय सांगणार? तिला काय आवडतं, कशाला घाबरते, अंगावर कुठे तीळ आहे, यातलं मला काही ठाऊक नव्हतं. तेवढ्यात सोहनला दिवाल्या दिसला. तिने दोन्ही हात पुढे केले आणि त्याच्या नावाने ओरडली. तो रोज तिला दमणीच्या जोखडावर बसवून झोके देतो म्हणे. हे मला तिथे कळलं. वाहरूने तिला दिवाल्याकडे दिलं. दिवाल्या म्हणाला, ‘हाऊच बाप शे तिना, मी त्यासना गाडीवान शे.’ माझी पोर मला गाडीवानाच्या ओळखीवर मिळाली.

निघताना मी वाहरूला काही बरं बोलायला गेलो. त्याने ऐकून घेतलं नाही. त्याचं खळं अडलं होतं. ‘सेठ,’ तो म्हणाला, ‘आम्ही बकऱ्या बी मोजीसन घर लई जातस.’ आणि पेंढ्या झोडायला गेला.

परतीच्या वाटेवर ती दिवाल्याजवळ बसली आणि तिथेच पेंगू लागली. दमणीला हिसके बसत होते. मी तिला उचलून खांद्यावर घेतलं आणि खाली उतरून दमणीबरोबर चालू लागलो. एवढ्याशा पोरीला इतकं वजन असतं हे मला ठाऊक नव्हतं. तिच्या केसांना चुलीच्या धुराचा वास येत होता. तिने झोपेत माझ्या सदऱ्याची कॉलर मुठीत धरली. मला वाटलं, आपण आता बदललो. घरी जाऊन सगळं सांगायचं. काय बोलायचं ते शब्द जुळवत मी चाललो होतो.

नवापूरच्या वेशीशी बापूजी आणि फूफाजी उभे असलेले दिसले. दुरून दोन पगड्या दिसल्या आणि मी तिला दिवाल्याच्या हातात दिलं.

मला कुणी सांगितलं नव्हतं. हात आपले आपण गेले. तिची मूठ सोडवताना ती जागी झाली आणि माझ्याकडे बघत राहिली. दिवाल्याने तिला घेतलं. तो खाली बघत होता. माझ्याकडे बघायची त्यालाच लाज वाटली असावी.

बापूजींनी तिला छातीशी धरलं. फूफाजींनी विचारलं, ‘सूर्य मावळल्यावर काही खाल्लं का तिने?’

मी म्हणालो, ठाऊक नाही. तेवढं मात्र खरं बोललो.

२५ नोव्हेंबर

लहरीला माहेरी पाठवायचं ठरलं आहे. माँजी म्हणाल्या, ‘जिला एक टाबर सांभाळता येत नाही, तिने चार-सहा महिने आईकडे राहून शिकून यावं. सोहन इथेच राहील, माझ्याजवळ.’ फूफाजींनी मान डोलावली. नंदुरबारला लहरीच्या भावाला, नवलचंदला, निरोप गेला. बापूजी काहीच बोलले नाहीत. ते हल्ली जेवताना माझ्याकडे बघतात आणि मग ताटाकडे बघतात. माझा संशय आला असेल का? की बाईच्या बाबतीत पडायचं नाही म्हणून गप्प आहेत?

दुपारी लहरी माळवदावर पापड वाळत घालत होती. मी वर गेलो. ती हात न थांबवता म्हणाली, ‘तुम्ही तिच्याजवळ उभे होता.’

मी एक पापड उचलून पुन्हा ठेवला.

‘घुंघटातून मला तुमचे पाय दिसत होते आणि तिचे. मी तिला घ्यायलाच निघाले होते. मग म्हटलं, बाप उभा आहे. आणि मी पातेली उचलायला गेले.’

मी विचारलं, ‘मग खाली सगळ्यांसमोर सांगितलं का नाहीस?’

‘कुणाला सांगू? सासऱ्यांशी मी बोलत नाही. फूफाजींसमोर उभी राहत नाही. सासूबाईंपुढे तुमचं नाव घेत नाही. कुणाला सांगायचं ते तुम्हीच सांगा.’

खाली कुणी तरी जिना चढत होतं. तिने पदर ओढला आणि हळूच म्हणाली, ‘सोहनला ठेवून मला जायला सांगतायत. तुम्ही बोलाल म्हणून मी वाट बघते आहे.’

जिन्यावर दगूबाई होती. तिच्यासमोर बायकोशी बोलताना दिसू नये म्हणून मी कठड्याशी जाऊन रंगावलीकडे बघत उभा राहिलो. आता लिहिताना वाटतं, दगूबाईला तरी काय पडलं होतं?

२८ नोव्हेंबर

आज माँजींना सांगायचंच म्हणून स्वयंपाकघरात गेलो. म्हणालो, ‘माँजी, त्या दिवशी...’ त्यांनी वर पाहिलं. मी म्हणालो, ‘त्या दिवशीसारखं ताक आहे का?’ ताक पिऊन बाहेर आलो.

प्रवासवर्णन लिहायला निघालेला माणूस मी. ओसरीपासून चुलीपर्यंतचा प्रवास मला जमत नाही.

सोहन अंगणात दिवाल्याच्या पाठीवर बसली होती. मी उंबऱ्यात दिसलो तशी ती म्हणाली, ‘पारस आला.’ मी आत गेलो.

१ डिसेंबर

नवलचंद परवा येतो असा निरोप आला. आज सकाळी फूफाजी अंघोळीला गेले होते, दुकानात बापूजी एकटे होते. मी गादीजवळ जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, ‘बापूजी, सोहन झोपली होती तिथे मी होतो. मी तिला पाहिलं होतं. उचललं नाही.’

बापूजी तराजूचं पारडं पुसत होते, ते पुसतच राहिले. मग म्हणाले, ‘मी पाठ फिरवली होती.’

मला कळलं नाही.

‘फूफाजींना मी नदी कशाला दाखवायला नेलं? त्या नदीत बघण्यासारखं काय होतं? तू वाकावंस म्हणून पाठ फिरवली. पुन्हा मागे बघितलं नाही, तुला संकोच नको म्हणून. मला वाटलं, तू उचललंस आणि बायकांच्या दमणीत दिलंस.’

मी म्हणालो, ‘तोंडाने सांगायचं होतं. एक शब्द.’

‘कसा सांगू? त्यांच्यापुढे बढाई मारून बसलो होतो ना.’

त्यांनी पारडं खाली ठेवलं. माझे बापूजी म्हातारे आहेत हे मला आज प्रथम दिसलं. मी विचारलं, ‘मग घरी माँजी तिला बोलत होत्या, तेव्हा तुम्ही का नाही बोललात?’

‘तू बोलशील म्हणून.’

‘इतके दिवस?’

‘हो. मलाही लाज आहे की नाही?’

एक गिऱ्हाईक गूळ मागायला आलं आणि आमची तोंडं बघून परत गेलं. मग बापूजी उठले, जोडा पायात घातला आणि म्हणाले, ‘चल.’

आत फूफाजी जेवायला बसले होते. माँजी भिंतीआडून वाढत होत्या. लहरी चुलीजवळ होती, पाठमोरी. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. शब्द जुळवलेले होते, त्यातला एकही आठवला नाही. म्हणालो, ‘सोहन मागे राहिली ती माझ्यामुळे. मी तिच्याजवळ उभा होतो. पाहून उचललं नाही. हिचा दोष नाही.’

माँजींनी विचारलं, ‘का नाही उचललंस?’

‘बापूजी होते. फूफाजी होते.’

फूफाजींनी घास थांबवला. मला वाटलं, आता कडाडतील. ते शांतपणे म्हणाले, ‘मग त्यात पारसचं काय चुकलं? त्याने मर्यादा पाळली. जवरीलालजी, तुम्ही म्हणाला होता ते खोटं नव्हतं. दिसावरात राहूनही मुलगा चांगला वाढवलात.’

शिव्या मिळाल्या असत्या तर सोसल्या असत्या. शाबासकी मिळाली. ती ऐकायला चुलीपाशी लहरी होती. तिचा हात तव्यावर थांबला आणि पोळी करपल्याचा वास आला. इतकी लाज मला त्या वाहरूच्या खळ्यातही वाटली नव्हती.

बापूजी म्हणाले, ‘जेवा, नथमलजी.’ आजवर त्यांनी जावयाला असं नावाने संबोधलेलं मी ऐकलं नव्हतं. फूफाजींनी मान खाली घालून जेवण संपवलं. माँजी वाढायला पुढे आल्या नाहीत, दगूबाईने वाढलं.

दुपारी माँजी लहरीला म्हणाल्या, ‘बींदणी, जायची गरज नाही आता.’ लहरीने दगूबाईकरवी सांगितलं, की भाऊ येतोच आहे तर जाईन म्हणते. सोहनला घेऊन. माँजींनी नाही म्हटलं नाही.

ती रागावून चालली आहे की माहेरची ओढ म्हणून, मला ठरवता येत नाही. विचारायचा धीर झाला नाही.

३ डिसेंबर

नवलचंद आला आणि आजच्याच गाडीने त्यांना घेऊन गेला. बायकोला पोचवायला नवऱ्याने स्टेशनवर जायची आमच्याकडे रीत नाही. सामान दिवाल्याने दमणीत घातलं, लहरी आत बसली. सोहन उंबऱ्यावर उभी होती. बापूजी गादीवर होते, फूफाजी त्यांच्या शेजारी. समोर सगळा बाजार.

मी वाकलो आणि तिला उचललं.

काही झालं नाही. पगड्या जागच्या जागी राहिल्या. फूफाजींनी डोळे मिटून घेतले. बापूजी यावेळी बघत होते, तोंड न फिरवता. समोरचा कापडवाला जांभई देत होता, त्याने ती पूर्ण केली. एवढ्यासाठी मी पोर रानात सोडून आलो होतो.

दमणीत न बसता मी तिला घेऊन स्टेशनपर्यंत चालत गेलो. ती अंग ताठ करून राहिली. हात माझ्या गळ्यात घातले नाहीत, मध्ये धरून ठेवले. अनोळखी माणसाने घेतलं की पोरं राहतात तशी. वाटेत तिने एकदाच विचारलं, ‘दिवाल्या कुठे?’ मी म्हणालो, ‘पुढे गेला, दमणी घेऊन.’ तेवढं ऐकल्यावर ती रडली नाही. तिच्या उजव्या कानामागे तीळ आहे. हे मला आज कळलं.

गाडी आली. मी सोहनला खिडकीतून लहरीच्या हातात दिलं. नवलचंद सामान लावत होता. सोहन माझ्या खांद्यावरून पलीकडे बघू लागली, फाटकाशी दिवाल्या दिसतो का ते. तो दिसला, तिने त्याला हात हलवला. मीही उगाच हात वर केला होता, तो खाली घेतला.

लहरीने इकडेतिकडे पाहिलं नाही. भर स्टेशनात दोन बोटांनी घुंघट वर केला आणि माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, ‘न्यायला तुम्ही या. दिवाल्याला पाठवू नका.’

गाडी सुटली. मी मान हलवली होती, ती तिला दिसली की नाही, मला ठाऊक नाही.